वाचकांचे प्रश्न : तुमची वर्ड फाइल तिकडे कशी उघडते आणि काय सांगून जाते

या वेळच्या पत्रांमध्ये वर्डच्या फाइलींनी बरीच जागा व्यापली आहे. फाइल पाठवली पण तिकडे वाचताच आली नाही, अशी निम्म्या वाचकांची तक्रार आहे. उरलेल्यांकडे उलट झालं आहे: जे वाचायला नको होतं तेही वाचलं गेलं. नावं छापू नयेत अशी बहुतेकांची विनंती असल्यामुळे गावाचा किंवा पेठेचा उल्लेख तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : माझं डीटीपीचं काम आहे. स्मरणिका, संस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका असा पंधरा-वीस वर्षांचा साठा श्रीलिपी आणि कृतिदेवमध्ये पडून आहे. फाइल मेल केली की गिऱ्हाइकाकडे इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फॉन्ट सोबत पाठवला तर कॉम्प्युटरवर जमतं, फोनवर नाहीच. सगळं युनिकोडमध्ये घेऊन टाकावं का? — डीटीपी व्यावसायिक, राजारामपुरी

उत्तर : गिऱ्हाइकाकडे जी खिचडी दिसते तोच तुमच्या फाइलमधला खरा मजकूर आहे. कृतिदेवमध्ये 'मराठी' टाइप केलं की फाइलमध्ये ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरं साठतात. त्या फॉन्टमध्ये ई-च्या जागी 'म'चं चित्र आहे, जे-च्या जागी 'र'चं, के-च्या जागी काना. फॉन्ट नसला की चित्रं जातात आणि अक्षरं उरतात. युनिकोडमध्ये मात्र 'म' हा 'म' म्हणूनच साठतो. श्रीलिपीचा तक्ता याहून वेगळा आहे, म्हणून एकाचा कन्व्हर्टर (युनिकोडमध्ये बदलून देणारा प्रोग्राम) दुसऱ्याला चालत नाही. आधी मजकूर सिलेक्ट करून वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव पाहा. फॉन्ट मशीनवर नसला तरी नाव तिथे दिसतं. त्या नेमक्या नावाचाच कन्व्हर्टर वापरा.

सगळा साठा एकदम बदलू नका, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. ज्या मशीनवर ते फॉन्ट अजून आहेत तिथे बसून आधी प्रत्येक फाइलची पीडीएफ काढून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्टचा आवश्यक भाग आतच बसतो, त्यामुळे ती कुठेही बरोबर दिसते आणि पुढे ताळा करायलाही तीच लागेल. (त्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर मात्र पुन्हा खिचडीच निघेल आणि शोधही चालणार नाही.) मग ज्या कामाची पुन्हा मागणी येईल तेवढंच युनिकोडमध्ये घ्या.

बदलताना बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी साठते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचं याच्या उलट: जुन्यात तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये 'र' आणि हलन्त आधी. कन्व्हर्टरला ही सगळी उचलाउचल करावी लागते. कच्चा कन्व्हर्टर वेलांटी जोडाक्षराच्या मधेच टाकतो आणि 'स्थिती'चं 'स्िथती' होतं. रफार, काना आणि अनुस्वार एकत्र आले, जसे 'कार्यकर्त्यांनी' मध्ये, की चुकण्याची शक्यता सर्वांत जास्त. 'वर्षांची', 'कर्जदारांनी' असे शब्द आधी तपासा. टिंबांच्या वर्तुळावर बसलेली वेलांटी किंवा मात्रा दिसली तर तिथला क्रम चुकला आहे. हे वर्तुळ फाइलमध्ये साठलेलं नसतं, त्यामुळे 'फाइंड'ने सापडत नाही. नजर फिरवूनच शोधावं लागतं.

दुसरा घोळ मजकुरात मधेच आलेल्या खऱ्या इंग्रजीचा. जीएसटी क्रमांक, ईमेल पत्ते, मापं टाइम्स या इंग्रजी फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. नुसता मजकूर चिकटवून घेणारा कन्व्हर्टर त्यांनाही मराठी समजून बदलतो. प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट पाहून बदल करणारं साधन मिळालं तर तेच घ्या. नाहीतर इंग्रजी तुकडे आधी बाजूला काढा. देणगीदारांच्या याद्या मात्र दोघांनी मिळून, एकाने वाचून आणि एकाने जुन्या पीडीएफवर बोट ठेवून तपासाव्यात. आडनाव चुकीचं छापलं गेलं की माणूस दुखावतो.

छापखान्यात पानं लावायला पेजमेकर हा जुना प्रोग्राम वापरत असतील तर तिथे युनिकोड देवनागरी चालणार नाही, त्यांना जुन्या फॉन्टमधली फाइल किंवा पीडीएफच द्या. इनडिझाइन असेल तर पॅराग्राफच्या मेन्यूत 'अ‍ॅडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडायला सांगा. ते निवडलं नाही तर चांगल्या युनिकोड मजकुराच्याही वेलांट्या जागा सोडतात आणि दोष विनाकारण तुमच्या फाइलवर येतो.

प्रश्न : खरेदीखताचा मसुदा समोरच्या पक्षाच्या वकिलांना वर्डमध्ये पाठवावा लागतो. मागे एकदा आमच्या पक्षकाराने किमतीबद्दल केलेली खोडाखोड त्यांना दिसली. स्क्रीनवर तर मला काहीच दिसत नव्हतं. याखेरीज फाइलमध्ये आणखी काय राहतं? — वकील, शाहूपुरी

उत्तर : 'रिव्ह्यू' टॅबमध्ये तुमच्याकडे 'नो मार्कअप' किंवा 'सिंपल मार्कअप' निवडलेलं असणार. त्याने खोडाखोड फक्त नजरेआड होते, फाइलमधून जात नाही. समोरच्याने 'ऑल मार्कअप' निवडलं की कोणी, कोणत्या तारखेला, किती वाजता कोणता आकडा खोडला ते सगळं उघडं. कमेंटचंही तसंच: 'रिझॉल्व्ह' केलेली कमेंट फिकी होते, पण असतेच.

पाठवण्याआधी असं करा. मूळ फाइल कार्यालयात ठेवा आणि वेगळ्या नावाने प्रत काढा. त्या प्रतीत 'ऑल मार्कअप' चालू करून एकेक बदल वाचून स्वीकारा किंवा नाकारा. 'अ‍ॅक्सेप्ट ऑल चेंजेस अँड स्टॉप ट्रॅकिंग' हा झटपट मार्ग आहे, पण मसुद्यात नाकारायचा एखादा बदल असेल तर तोही मंजूर होऊन बसेल. मग 'डिलीट ऑल कमेंट्स'. त्यानंतर 'फाइल', 'इन्फो', 'चेक फॉर इश्यूज', 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट'. तपासणीच्या यादीत 'डॉक्युमेंट प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन' समोरचं 'रिमूव्ह ऑल' दाबा. लपवलेला मजकूर सापडला तर तो काढण्याआधी काय आहे ते वाचा. कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकदम दाबलं की ठिपक्यांच्या अधोरेखेसह तो दिसतो. 'हेडर्स, फूटर्स अँड वॉटरमार्क्स' समोरचं बटण मात्र सरसकट दाबू नका, पानांचे क्रमांक त्यासोबत जातात. हे बदल नेहमीच उलटवता येत नाहीत, म्हणून आधी प्रत काढायला सांगितलं.

या सफाईनंतर एक गोष्ट अनेकांना कोड्यात टाकते. ती प्रत पुढे कोणीही बदलून सेव्ह केली की सर्वांची नावं जाऊन प्रत्येक बदलापुढे फक्त 'ऑथर' दिसतं, कोणी काय बदललं ते कळत नाही. कारण सेव्ह करताना नावं काढून टाकण्याची खूण त्या फाइलवर कायम राहते. 'इन्फो'च्या पानावर 'अलाऊ धिस इन्फर्मेशन टू बी सेव्ह्ड इन युवर फाइल' अशी ओळ दिसेल, तिच्यावर क्लिक केलं की पुढची नावं पुन्हा नोंदली जातात.

आत काय राहतं ते एकदा डोळ्यांनी पाहून घ्या. डॉकएक्स, म्हणजे आजच्या वर्डची फाइल, मुळात एक झिप (अनेक फाइलींचं गाठोडं) असते. विंडोजमध्ये फाइलींची एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं) दिसतील असं करा, प्रतीचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडा. 'डॉकप्रॉप्स' या फोल्डरमध्ये दोन छोट्या फाइली आहेत. 'कोअर' मध्ये फाइल प्रथम कोणी केली, शेवटी कोणी सेव्ह केली, किती वेळा सेव्ह झाली. 'अ‍ॅप' मध्ये कंपनीचं नाव, कोणत्या टेम्प्लेटवरून केली आणि संपादनाला लागलेली एकूण मिनिटं. तासावर फी लावणाऱ्यांनी ही मिनिटं ध्यानात ठेवावीत.

वकिलांच्या कार्यालयात सर्वांत जास्त अंगलट येतं ते 'टायटल'. जुन्या पक्षकाराचा मसुदा उघडून त्यावरच नवा करण्याची पद्धत आहे. पहिल्यांदा सेव्ह करताना वर्ड अनेकदा पहिल्या ओळीतले शब्द 'टायटल' म्हणून उचलतं, आणि नंतर मजकूर सगळा बदलला तरी ते तसंच राहतं. त्या फाइलची पीडीएफ केली की ब्राउझरच्या टॅबवर जुन्या पक्षकाराचं नाव झळकतं. नवा मसुदा नेहमी कोऱ्या नमुन्यावरून करा. तो डॉटएक्स म्हणजे टेम्प्लेट म्हणून सेव्ह करून ठेवा, म्हणजे दर वेळी नवी फाइल सुरू होते.

या बाबतीत मोठमोठी सरकारंही फसली आहेत. फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटिश सरकारने इराकबद्दलचा एक अहवाल संकेतस्थळावर वर्ड फाइल म्हणूनच ठेवला होता. त्या काळचं वर्ड शेवटच्या काही सेव्हची यादी नावांसकट फाइलमध्ये ठेवत असे, आणि अहवालावर कोणाकोणाचा हात फिरला ते त्यातून जगजाहीर झालं. आजच्या डॉकएक्समध्ये ती यादी नसते. जुन्या डॉक फाइली अजून वापरत असाल तर त्या मात्र डॉकएक्समध्ये सेव्ह करून मगच पाठवा.

आणि मसुदा परत आला की ट्रॅकिंगवर, म्हणजे वर्डने आपोआप ठेवलेल्या बदलांच्या नोंदीवर, विसंबू नका. समोरच्याने ते बंद करून शब्द बदलला तर खूण उरत नाही. 'रिव्ह्यू' मध्ये 'कंपेअर' निवडा, तुमची पाठवलेली प्रत आणि परत आलेली प्रत द्या. 'विक्रेता'चं 'विक्रेते' झालं असलं तरी ते लाल होऊन समोर येईल.

प्रश्न : प्रबंध मंगल फॉन्टमध्ये लिहिला आहे. माझ्याकडे तिसरं प्रकरण पान ८१ वर सुरू होतं, मार्गदर्शकांच्या लॅपटॉपवर ७६ वर. अनुक्रमणिका कोणती खरी मानायची? — संशोधक विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठ परिसर

उत्तर : त्यांच्याकडे बहुधा मंगल नाही. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट आपोआप बसवलेले नसण्याची शक्यता असते. ते 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या नावाने 'सेटिंग्ज'मधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये वेगळे मिळतात. ते नसले की वर्ड गुपचूप निर्मला यूआय वगैरे दुसरा फॉन्ट वापरतं. दोन फॉन्टच्या ओळींची उंची सारखी नसते, आणि दर पानावर एक-दोन ओळी इकडेतिकडे झाल्या तरी ऐंशी पानांत पाच पानांचा फरक सहज पडतो. खात्री करायची तर त्यांच्या लॅपटॉपवर 'फाइल', 'ऑप्शन्स', 'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्ये 'फॉन्ट सब्स्टिट्यूशन' बटण दाबा. कोणता फॉन्ट नाही आणि त्याजागी काय वापरलं आहे ते तिथे लिहून येतं. मंगल तिथे उतरवून घ्या, किंवा तुमच्याकडे 'ऑप्शन्स', 'सेव्ह' मध्ये 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' वर खूण करा. त्याखालची 'डू नॉट एम्बेड कॉमन सिस्टीम फॉन्ट्स' ही खूण काढायला विसरू नका, नाहीतर मंगल वगळला जाण्याची शक्यता राहते.

फॉन्ट जमूनही पानं हलली तर कागद पाहा. एकाकडे ए-फोर आणि दुसऱ्याकडे लेटर असेल तर लेटर १८ मिलिमीटरने आखूड आणि ६ मिलिमीटरने रुंद असतो. आणि प्रकरण नव्या पानावर नेण्यासाठी एंटर दाबत गेला असाल तर ते सगळे एंटर काढा. कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबून पानाचा ब्रेक द्या, नाहीतर प्रकरणाच्या शीर्षकाच्या स्टाइलमध्येच 'पेज ब्रेक बिफोर' लावा. शीर्षकांना 'हेडिंग' स्टाइल दिलेली असेल तर अनुक्रमणिका 'अपडेट फील्ड'ने स्वतः दुरुस्त होते. अजून एक: देवनागरीचा फॉन्ट आणि आकार वर्ड इंग्रजीपेक्षा वेगळा साठवतं. कंट्रोल आणि डी दाबल्यावर 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' अशी वेगळी चौकट दिसते. तिथला आकार जुळतो का तेही पाहा.

छपाईला आणि सादर करायला पीडीएफच द्या. त्या पीडीएफमधले पानांचे आकडे खरे.

प्रश्न : पतसंस्थेच्या वार्षिक सभेचा अहवाल वर्डमध्ये केला, थकबाकीचा तक्ता आणि आलेख एक्सेलमधून घेतला. अहवाल सभासदांच्या ग्रुपवर गेला. एकाने तक्त्यावर दोनदा क्लिक केलं आणि थकबाकीदारांची नावनिशी यादी उघडली. अहवालात ती यादी नव्हतीच! — सचिव, कागल

उत्तर : अहवालात दिसत नव्हती, पण फाइलमध्ये होती. एक्सेलचा तक्ता 'वर्कशीट ऑब्जेक्ट' म्हणून किंवा आलेख 'एम्बेड वर्कबुक' पर्यायाने चिकटवला की त्या चौकटीमागे पूर्ण वर्कबुक, बाकीच्या सगळ्या शीटसकट, आत जातं. 'लिंक डेटा' पर्याय घेतला तर वर्कबुक जात नाही, पण तुमच्या मशीनवरचा त्याचा पत्ता जातो आणि त्यात बहुधा लॉगिनचं नाव असतं.

यापुढे तक्ता किंवा आलेख कॉपी करून वर्डमध्ये कंट्रोल, आल्ट आणि व्ही दाबा आणि 'पिक्चर' निवडा. पाठवण्याआधी प्रतीची झिप करून 'वर्ड' फोल्डरमध्ये 'एम्बेडिंग्ज' नावाचं फोल्डर आहे का पाहा. असेल तर आत काहीतरी आहे. चित्रांचाही असाच प्रकार आहे: धनादेशाच्या फोटोतला खाते क्रमांक 'क्रॉप' करून लपवला तर कापलेला भाग फाइलमध्ये राहतो आणि कोणीही ओढून परत आणू शकतो. चित्र निवडून 'पिक्चर फॉरमॅट', 'कॉम्प्रेस पिक्चर्स', 'डिलीट क्रॉप्ड एरियाज ऑफ पिक्चर्स' करा.

सभासदांना वाचायचंच आहे, बदल करायचा नाही. मग वर्ड फाइल ग्रुपवर टाकण्याचं कारणच नाही, पीडीएफ टाका. झालेल्या प्रकाराबद्दल: फाइल 'डिलीट फॉर एव्हरीवन' करा, पण ज्यांनी उतरवून घेतली त्यांच्याकडे ती आहे हे धरून चाला आणि ज्यांची नावं उघड झाली त्यांना संस्थेने स्वतः कळवावं. त्यांना ते दुसऱ्याकडून कळू नये.

प्रश्न : लाभार्थींच्या यादीतले आधार क्रमांक काळ्या पट्टीने झाकून पीडीएफ केली. चालेल ना? — ग्रामपंचायत कर्मचारी, करवीर तालुका

उत्तर : नाही. वर्डमधला काळा हायलाइट किंवा वर ठेवलेला काळा चौकोन, दोन्हींखाली आकडे जसेच्या तसे राहतात. पीडीएफ उघडून सगळं सिलेक्ट करा, कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा, लगेच दिसतील. वर्डच्या प्रतीत आकडेच खोडून पहिल्या आठ जागी फुल्या घाला आणि शेवटचे चार ठेवा. मास्क्ड आधारमध्येही (क्रमांक झाकून मिळणाऱ्या आधारमध्ये) तेवढेच दिसतात. मग पीडीएफ करा आणि नोटपॅडची चाचणी पुन्हा घ्या.

प्रश्न : 'रिस्ट्रिक्ट एडिटिंग'ला पासवर्ड लावला की फाइल सुरक्षित झाली असं समजावं का? — लेखापाल, इचलकरंजी

उत्तर : ते कुलूप फक्त चुकून होणारे बदल थांबवतं. मजकूर एन्क्रिप्ट (पासवर्डशिवाय वाचता न येणारा) होत नाही, कोणीही वाचू शकतो, आणि डॉकएक्सची झिप उघडता येणाऱ्याला ते काढताही येतं. गुप्त ठेवायचं असेल तर 'इन्फो', 'प्रोटेक्ट डॉक्युमेंट', 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' वापरा, तेही डॉकएक्समध्ये. जुन्या डॉक फाइलीचा पासवर्ड कमकुवत असतो. पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका, फोन करून सांगा. विसरलात तर फाइल गेली असं समजा, म्हणून संस्थेच्या कामासाठी तो जबाबदार दुसऱ्या व्यक्तीकडेही नोंदवलेला असावा.

प्रश्न : दहा-बारा वर्षांपूर्वीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिका नव्या वर्डमध्ये उघडतात, पण समीकरणं बदलता येत नाहीत. शाळेत लिबरऑफिसही आहे, त्यात करावं का? — माध्यमिक शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर : ती समीकरणं 'इक्वेशन एडिटर ३.०' ची आहेत. सुरक्षेच्या कारणावरून मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ च्या अपडेटमध्ये ते काढून टाकलं. वर्डच्या अलीकडच्या आवृत्तीत समीकरणावर दोनदा क्लिक केल्यावर नव्या प्रकारात बदलू का असं विचारलं जातं, तिथे 'यस' म्हणा आणि घातांक व वर्गमूळ मूळ प्रश्नपत्रिकेशी ताडून पाहा. लिबरऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्राममध्ये काम करणं चांगलंच आहे, फक्त एकच फाइल आज वर्डमध्ये आणि उद्या लिबरऑफिसमध्ये असं करू नका. साधा मजकूर आणि तक्ते टिकतात. टेक्स्ट बॉक्स, वर्डआर्ट आणि चित्रांवरची अक्षरं दर फेरीत थोडी सरकतात. भूमितीच्या आकृतीवरचं 'अ' आणि 'ब' सरकलं तर प्रश्नच चुकतो.

प्रश्न : मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूर गूगल डॉक्सवर आहे, लिंक असेल त्याला एडिट करता येतं. जाहिरातदारांनाही तीच लिंक द्यावी का? — कार्यकर्ता, मंगळवार पेठ

उत्तर : देऊ नका. एडिट करता येणाऱ्या प्रत्येकाला 'व्हर्जन हिस्टरी' दिसते. त्यात पहिल्या दिवसापासूनचा मजकूर असतो: खोडलेले दर, वगळलेली नावं, सगळं. लिंक 'रिस्ट्रिक्टेड' करा, संपादन करणाऱ्या तिघा-चौघांचे मेल पत्ते घाला. जाहिरातदारांसाठी 'मेक अ कॉपी' करून नवी फाइल काढा, कारण प्रतीसोबत जुना इतिहास जात नाही, आणि ती फक्त वाचण्यापुरती द्या. प्रत काढताना कमेंट्स सोबत घेण्याची खूण असते, ती रिकामी ठेवा.

फॉन्टचंही पाहून घ्या. गूगल डॉक्समध्ये स्वतःचा फॉन्ट बसवता येत नाही, त्यामुळे श्रीलिपीतला मजकूर तिथे चिकटवू नका. मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट तिथे आहेत आणि मोफत उतरवताही येतात. छापखान्यात तेच बसवून घेतले तर लिहिताना दिसलेली अक्षरंच कागदावर येतील.